कुठवर आलं?

लिहिणाऱ्या माणसांचे दोन पंथ आहेत. एका पंथातल्या माणसाला "सध्या काय लिहिताय?" असं नुसतं विचारायचा अवकाश, की तो कथानक, शेवट आणि अर्पणपत्रिकेसकट सगळं सांगून मोकळा होतो. दुसऱ्या पंथाच्या तोंडाला कुलूप. पहिले तीन महिने बातमी फोडू नये म्हणतात ना, तसं हे लोक तीन-तीन वर्षं काही फोडत नाहीत. गंमत म्हणजे दोन्ही पंथांतल्या बऱ्याच जणांचं पुस्तक काही येत नाही. :)

माझं मत असं की सांगावं. पण काय सांगावं, हे नीट ठरवून सांगावं.

कुलूपवाल्यांची बाजू अगदीच लंगडी नाही. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 2009 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला अमुक व्हायचंय, त्यासाठी तमुक करणार आहोत, हा संकल्प दुसऱ्या कुणी ऐकून त्याची दखल घेतली, तर माणूस त्यासाठी प्रत्यक्षात कमी काम करतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे "मी कादंबरी लिहितोय" म्हटल्यावर समोरचा "अरे वा!" म्हणतो, आणि त्या 'अरे वा'नेच निम्मं पोट भरतं. हे पटतं. असे पोट भरलेले कादंबरीकार आपल्या सगळ्यांच्या ओळखीत आहेत.

पण हे झालं संकल्पाबद्दल. झालेल्या कामाचा हिशेब सांगणं ही वेगळी गोष्ट, आणि लोक इथेच गल्लत करतात.

अँथनी ट्रोलॉप हा इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करायचा आणि पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. समोर घड्याळ, दर पाव तासाला अडीचशे शब्द. प्रत्येक पुस्तकासाठी वही आखून त्यात रोज किती पानं झाली ते मांडायचा. एखादा दिवस कोरा गेला तर तो कोरा रकाना त्याच्याकडे टक लावून बघत राहायचा. त्याच्या मृत्यूनंतर 1883 साली आत्मचरित्र आलं आणि त्याने हे सगळं उघड केलेलं पाहून पुष्कळांनी नाकं मुरडली. कला ती, अन् तिला असं वजनकाट्यावर घालायचं? मला विचाराल तर सत्तेचाळीस कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला काट्याचा हक्क आहे.

जॉन स्टाइनबेकचं मला जास्त जवळचं वाटतं. 1951 साली 'ईस्ट ऑफ ईडन' लिहिताना तो आधी वहीच्या डाव्या पानावर आपल्या संपादकाला, पास्कल कोविचीला, पत्र लिहायचा. मग उजव्या पानावर कादंबरी. पत्रांत काय असे? पेन्सिली, सुतारकाम, मुलं, आज काय जमवायचंय, कसली धास्ती वाटतेय. रोज एका माणसाला "इथवर आलो" असं सांगायचं आणि पुढे निघायचं. अख्ख्या गावाला नाही, एका माणसाला.

आमचंही असंच एक छोटं मंडळ आहे, चौघांचं. महिन्यातून एका रविवारी डोंबिवलीत एकाच्या घरी जमतो. बँकेतून निवृत्त झालेले एक स्नेही 1982च्या गिरणी संपावर कादंबरी लिहितायत, एक बाई कन्नडमधून भाषांतर करतायत, एकाचं बालनाट्य दुसऱ्या अंकात अडकलंय. नियम एकच. गोष्ट सांगायची नाही, वाचून दाखवायची नाही. मागच्या वेळेपासून किती झालं आणि कुठे अडलं, एवढंच सांगायचं. 'शून्य' हे उत्तरही चालतं, पण ते तोंडाने म्हणावं लागतं. (चहाबरोबर बटाटेवडे असल्यामुळे शून्यवालेही न चुकता येतात.)

ही रीत मी खरं तर घरातच पाहिली होती. अप्पा 1963 साली एसटीत कंडक्टर म्हणून लागले. हातात तिकिटांचा ट्रे, पंच आणि वे-बिल. टप्पा आला की कुठल्या किमतीचं तिकीट कितव्या नंबरावर आलं ते वे-बिलात मांडायचं. शेवटच्या थांब्यावर एकदम हिशेब करू म्हटलं, तर चालत नाही. मध्ये कुठल्याही वळणावर चेकर गाडी थांबवू शकतो, आणि त्या क्षणी नंबर, पैसे आणि माणसं जुळली पाहिजेत.

मी सध्या त्यांच्याच नोकरीच्या वर्षांबद्दल लिहितोय, हे तुमच्यापैकी नातेवाइकांना ठाऊक आहे. अप्पांनी चौऱ्याऐंशी पूर्ण केली. मुक्कामी गाड्यांवरच्या रात्री त्यांना लख्ख आठवतात, सकाळचा नाश्ता आठवत नाही. म्हणून मला गुपचूप पाच वर्षं लिहीत बसणं परवडणारं नाही. मी रात्री त्यांना सांगतो, "आज संगमेश्वरपर्यंत आलो." मग ते म्हणतात, "मग तो पुलावरचा पावसाळा घेतलास का?" घेतलेला नसतो, कारण मला तो माहीतच नसतो. सांगितलं नसतं तर तो पावसाळा त्यांच्याबरोबरच राहिला असता.

आता अवघड भाग. मागच्या महिन्यात मी बोलता बोलता म्हणालो की 1971च्या वाटणीचं प्रकरण सुरू केलंय. आठ दिवसांत दोन फोन. धाकटे काका म्हणाले, "ते कशाला उकरतोस? माणसं गेली सगळी." आत्या काही म्हणाली नाही, नुसती विचारत राहिली, "काय लिहिलंस?" प्रगती सांगण्याची ही किंमत आहे आणि ती खरी आहे. ज्यांच्याबद्दल लिहायचं त्यांनाच वाट दाखवली की ते वाटेत उभे राहतात. हे बघूनच पुष्कळ जण कुलूप लावत असतील.

तरीही मी कुलूप लावणार नाही. काकांचा फोन आला नसता, तर त्या प्रकरणात मी फक्त अप्पांची बाजू लिहिली असती आणि तिलाच खरं समजून चाललो असतो. मात्र मसुदा पूर्ण झाल्याशिवाय ते प्रकरण कुणालाही दाखवणार नाही, काकांनाही नाही. कुठवर आलं ते सांगेन. काय आलं ते नाही.

तर या महिन्याचं वे-बिल: अकरा प्रकरणं झाली, बारावं अडलंय. तीस दिवसांत जेमतेम नऊशे शब्द, त्यातले चारशे खोडले. वाटणीच्या दिवशी अंगणात कोण कोण होतं, याबद्दल अप्पा आणि काका यांची उत्तरं जुळत नाहीत. आत्या, तू तेव्हा चौदा वर्षांची होतीस आणि ओटीवरच होतीस म्हणे. दुपारी चारनंतर फोन कर, अप्पा तेव्हा जागे असतात. त्यांनाही ऐकायचंय.