रजा हक्काची, भार कोणावर?

पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी प्रसूती रजेची मुदत २०१७च्या दुरुस्तीने १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती कायम राहिली. मात्र राज्य कामगार विमा योजनेच्या कक्षेबाहेर या रजेचे संपूर्ण वेतन मालकालाच द्यावे लागते. त्यामुळे तरुण महिलांना नोकरी देताना छोटे उद्योजक हात आखडता घेतील, ही भीती तेव्हापासूनच व्यक्त होत आहे. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यांना १५ दिवसांची पितृत्व रजा मिळते; खासगी क्षेत्रातील पित्यांसाठी मात्र तसा केंद्रीय कायदा नाही. साहजिकच, मूल सांभाळणे ही एकट्या आईची जबाबदारी, हा समज कायद्यानेच पक्का होतो. रजेचा खर्च सामाजिक विम्यातून भागवला आणि वडिलांनाही हक्काची रजा दिली, तरच मातृत्व नोकरीच्या आड येणार नाही.