वसईचा कोट : सहल नव्हे, संस्कार

बोरिवलीहून वसई लोकलने जेमतेम अर्ध्या तासावर. तरी उपनगरांतील किती कुटुंबांनी तेथील किल्ला डोळसपणे पाहिला आहे?

१५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने सुरुंग लावून बुरूज फोडले, हजारोंचे रक्त सांडून कोट जिंकला. आणि विजयानंतर? शत्रुसैन्याला सन्मानाने जाऊ दिले. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना उपासनेची मोकळीक दिली. पराक्रमाइकाच हा संयमही आपला वारसा आहे.

त्याच भिंतींवर आज नावे कोरली जातात. हा करंटेपणा केवळ फलक लावून थांबणार नाही. एका रविवारी मुलांना दर्या दरवाजापाशी उभे करून हा इतिहास सांगावा. ज्याला तो ठाऊक आहे, त्याचा हात भिंतीवर ओरखडा काढण्यास धजणार नाही.