जुना सिटी स्कॅन रद्दीत घालू नका

बांधाचा वाद निघाला की आपण पेटीतून आजोबांच्या वेळचा फेरफार अन् मोजणीचा नकाशा बरोबर शोधून काढतो. पोटाच्या नकाशाची मात्र आपल्याकडे किंमत नाही. मुतखड्यासाठी काढलेला सिटी स्कॅन खडा पडला की माळ्यावर जातो.

शौचावाटे रक्त पडू लागले किंवा अंगातले रक्त विनाकारण कमी झाले की डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बीण, म्हणजे कोलोनोस्कोपी सांगतात. हे आतडे सुमारे ५ फूट लांब. ते काही सरळ नळ नव्हे. त्याचा डावीकडचा खालचा भाग सैल असतो. दुर्बीण आत सरकताना तिथे वेटोळे पडते, आतडे ताणले जाते अन् रोगी कळवळतो. कुणाचे आतडे जास्तच लांब, कुणाचे जुन्या ऑपरेशनने चिकटलेले, तर कुणाचे हर्नियात उतरलेले. मग दुर्बीण शेवटपर्यंत पोचत नाही. तपासणी अर्धवट राहिली तर उजवीकडची गाठ नजरेतून सुटू शकते.

स्कॅन दुसऱ्या कारणासाठी काढलेला असला तरी आतड्याची ही वळणे त्यात बरीचशी दिसतात. ती आधी पाहिली तर बारीक दुर्बीण घ्यायची का, भूल किती द्यायची, अनुभवी हाताकडे पाठवायचे का, हे डॉक्टरांना अगोदर ठरवता येते.

अडचण कुठे आहे? गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाताना कागद मागे राहतात. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये १४ अंकी आभा क्रमांकाला रिपोर्ट जोडण्याची सोय आहे. पण माळ्यावरची फिल्म त्यात आपोआप जात नाही. ती आपणच न्यायला हवी.

मात्र केवळ दुर्बीण सोपी व्हावी म्हणून नवा स्कॅन काढा, असा हट्ट धरू नका. त्यात खर्चही आहे अन् किरणेही. अन् स्कॅन आहे म्हणून दुर्बीण टाळू नका; साध्या स्कॅनमध्ये आतड्यातले लहान कोंब दिसत नाहीत.

तेव्हा फिल्म, सीडी, ऑपरेशनचे कागद, आधीच्या दुर्बिणीचा रिपोर्ट एका पिशवीत ठेवा अन् तपासणीच्या आधीच डॉक्टरांना दाखवा. सरपंच अन् आशाताईंनी रोगी शहराकडे निघताना एवढेच विचारावे : "जुने कागद घेतले का?"