जुन्या नोंदी : विलगीकरण की विस्मरण?

वाङ्मयीन सूची आता संगणकावर आल्या आहेत आणि ग्रंथ, नियतकालिके, प्रबंध यांच्या नोंदी झपाट्याने वाढत आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनंतर ‘शोधगंगा’त जमा होत गेलेले प्रबंध हे त्याचे ठळक उदाहरण होय. संग्रह फुगला की शोध मंदावतो. मग जुन्या नोंदी वेगळ्या संचात हलवाव्यात, असा सल्ला मिळतो. तांत्रिकदृष्ट्या तो गैर नाही. प्रश्न आहे तो ‘जुनी नोंद’ कशास म्हणावे, हा.

व्यापारी व्यवहारात जुन्या पावतीची गरज क्वचितच पडते. साहित्यसंशोधनाचे तसे नाही. मराठी कादंबरीच्या आरंभाचा विचार करणाऱ्यास १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’ची नोंद कालच्या नोंदीइतकीच निकडीची असते. म्हणून केवळ वय हा निकष येथे अपुरा ठरतो. नोंदीत यापुढे बदल संभवतो की नाही आणि तिचा उपयोग कितपत होतो, हे दोन निकष अधिक ग्राह्य वाटतात.

शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा पहिला भाग १८०० ते १९३७ या कालखंडाचा, तर दुसरा १९३८ ते १९५० चा आहे. कालखंड बंद झाला, परंतु तो दृष्टीआड झाला नाही. याउलट पेशवे दफ्तराचा अनुभव बोलका आहे. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेले ४५ निवडक खंड अभ्यासकांच्या सहज हाती आले. रुमालांत बांधलेली उर्वरित मोडी कागदपत्रे मात्र मोजक्यांच्याच वाट्यास आली. जे सहज सापडते तेवढेच अस्तित्वात आहे, असे मानण्याकडे अभ्यासकाचा कल होतो. संगणकीय संचाबाबत हाच धोका अधिक आहे, कारण तेथे वगळलेला भाग रुमालासारखा डोळ्यांसमोरही राहत नाही.

तेव्हा काही पथ्ये पाळणे अगत्याचे आहे. नोंदीचा तपशील हलवला तरी कर्ता, शीर्षक व वर्ष मुख्य सूचीत राहावे. मूळ ग्रंथ, अनुवाद व आवृत्त्या यांच्या परस्परसंबद्ध नोंदी एकत्रच हलवाव्यात. अन्यथा दुवे तुटतात. नवी प्रत ताडून पाहिल्याखेरीज मूळ नोंद पुसू नये. टप्प्याटप्प्याने, थोड्या थोड्या नोंदी हलवाव्यात, म्हणजे चालू कामही अडत नाही. आणि कोणता कालखंड कोठे ठेवला आहे, हे शोधाच्या पानावरच स्पष्ट नमूद असावे.

हे निर्णय केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मराठी विभागांनी स्वस्थ बसणे योग्य नव्हे. काय हलवावे हे यंत्राच्या क्षमतेवरून सुचेल. काय विसरता कामा नये, हे मात्र अभ्यासकांनीच सांगावयास हवे.