खसखशीएवढी गोचीड

अनारशांसाठी या आठवड्यात ताटात खसखस पसरली आणि सदरकाराला आठवली अमेरिकेतल्या कनेक्टिकटची गोचीड. तिचं पिल्लू साधारण त्या दाण्याएवढंच, आणि लाइम रोगाचा प्रसाद बहुधा तेच देतं. चावलेलं कळतही नाही. औषध साधं: दोन-तीन आठवडे डॉक्सिसायक्लिन. बहुतेक जण ठणठणीत होतात. पण शंभरात पाच-दहा जणांचा थकवा, अंगदुखी आणि ऐन बोलताना शब्द न सुचणं सहा महिने उलटले तरी हटत नाही. तपासणीत काही सापडेना, की घरचे निकाल देतात: मनाचे खेळ! लाइम गावच्या चित्रकार पॉली मरे यांनी हे वर्षानुवर्षं ऐकलं. बाई खमक्या, घरची आणि शेजारपाजारची दुखणी टिपून ठेवत राहिल्या. १९७५ मध्ये त्यांनी आरोग्य खात्याचं दार ठोठावलं, येल विद्यापीठाचे डॉ. अ‍ॅलन स्टीअर यांनी ती यादी मनावर घेतली, आणि गावाचं नाव रोगाला चिकटलं. मात्र वैतागून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक रिचवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचण्यांत ९० दिवसांचं औषध खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. त्यापेक्षा संसर्गरोगतज्ज्ञ किंवा संधिवाततज्ज्ञ गाठावा. थायरॉइड, झोप, रक्तक्षय असं दुसरं काही दडलंय का, हे तो तपासतो. आणि त्याच्याकडे जाताना पॉलीबाईंसारखी तारीखवार टिपणांची वही जरूर न्यावी.