मर्यादा मांत्रिकालाही

देव आहे की नाही हा वाद रंगला की एक वाक्य हमखास येते: विज्ञानाला तरी सगळे कुठे कळले आहे? वाक्य खरेच आहे. तारे, ग्रह आणि आपण ज्या पदार्थाचे बनलो आहोत तो विश्वातल्या एकूण वस्तुमान-ऊर्जेच्या अवघा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. उरलेले नेमके काय आहे, हे भौतिकशास्त्रज्ञांना आजही सांगता येत नाही आणि तसे ते उघड म्हणतात. माझा आक्षेप या वाक्यातून जे पदरात पाडून घेतले जाते त्याला आहे. विज्ञानाला कळलेले नाही, तेव्हा देव आहे. आणि देव आहे, तेव्हा अमुक महाराजांचा अंगारा गुणकारी आहे. यातली पहिली उडी कच्ची आहे, दुसरी जिवावर बेतणारी.

ज्ञानाच्या सीमेवर देवाला उभे करण्यात देवाचाही मान राहत नाही, कारण ती सीमा हलते. ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही, असे ऑग्युस्त कोंत या फ्रेंच तत्त्वज्ञाने १८३५ मध्ये ठामपणे लिहिले. १८५७ मध्ये तो वारला आणि दोनच वर्षांत किर्खहोफ व बुन्सेन यांनी प्रकाशाच्या वर्णपटावरून सूर्यातली मूलद्रव्ये ओळखण्याची रीत दाखवली. हेलियमचा माग तर १८६८ मध्ये आधी सूर्यप्रकाशातच लागला. पृथ्वीवर रॅमसे यांनी तो वेगळा काढला १८९५ मध्ये.

मात्र एक सीमा हलली म्हणून सगळ्याच हलतील, असे मानणे हाही विश्वासच झाला. मुळात काहीतरी आहे ते का आहे, हा प्रश्न कोणत्याही वर्णपटात मावत नाही. शुद्ध तर्काने ईश्वर सिद्धही होत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, असे कांटने १७८१ मध्ये मांडले. आपल्याकडे नासदीय सूक्त तर सृष्टीच्या अध्यक्षाला तरी तिचा उगम ठाऊक असेल का, या शंकेवर थांबते. सांख्यांनी आणि मीमांसकांनी जगाचा कर्ता मानला नाही. उदयनाचार्यांना ईश्वरसिद्धीसाठी ‘न्यायकुसुमांजली’ हा स्वतंत्र ग्रंथ लिहावा लागला, यावरून समोरचा पक्ष किती तगडा होता ते कळते. ईश्वराविषयी शंका घेणारा धर्मद्रोही ठरणार असेल, तर वेदांना प्रमाण मानणाऱ्या मीमांसकांनाही त्याच रांगेत उभे करावे लागेल.

महाराष्ट्राने हा वाद फार नेटका मांडलेला पाहिला आहे. डॉ. श्रीराम लागू आणि डॉ. नरेंद्र दाभोलकर एकाच व्यासपीठावरून बोलत. परमेश्वराला आता निवृत्त करा, असे लागू सरळ सांगत. दाभोलकर स्वतः नास्तिक. तरीही अंधश्रद्धा निर्मूलन समिती देवाबाबत तटस्थ आहे, तिचा विरोध देवाच्या नावाने चालणाऱ्या शोषणाला आहे, अशी बाजू ते मांडत. काहींना ही सोयीची तडजोड वाटली. मला मात्र दोन्हींपैकी हीच भूमिका अधिक काटेकोर वाटते. निर्गुण परमेश्वर तपासायचे साधन कुणाकडेच नाही. अंगाऱ्याने ताप उतरतो का, हे मात्र आठवड्याभरात तपासता येते.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. हा कायदा धर्म बुडवील, अशी हाकाटी वर्षानुवर्षे झाली होती. प्रत्यक्षात देवाच्या अस्तित्वाविषयी तो काहीही म्हणत नाही. भजन, कीर्तन, यात्रा यांना त्याने हातही लावलेला नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला डॉक्टरी उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा मात्र त्याने गुन्हा ठरवला आहे.

म्हणून विज्ञानाच्या मर्यादा सांगत बुवाची पाठराखण करणाऱ्याला विचारले पाहिजे, की मानवी ज्ञानाला मर्यादा असतील तर त्या मांत्रिकाला का नाहीत? डॉक्टर निदान आपल्या औषधाने किती बरे झाले आणि किती दगावले याची नोंद ठेवतो. मांत्रिकाची अशी नोंदवही कुणी पाहिली आहे? विश्वाचा उगम कसा झाला, यावर माणसाने खुशाल आयुष्यभर वाद घालावा. पण नाग चावलेल्या पोराला देवळासमोर निजवायचे की सर्पदंशावरचे प्रतिविष असलेल्या रुग्णालयात न्यायचे, याचा निकाल त्या वादावर अजिबात अवलंबून नाही.