पाह्यासारखं काय हाये वाशिमात?

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर कोणीतरी सुचवलं, की दिवाळीला सगळी पोरं वाशिमला जमणारच आहेत, तर एक दिवस त्यांना गाव दाखवू. पाच मिनिटांत उत्तर आलं: "पाह्यासारखं काय हाये वाशिमात? शेगावले जाऊ, नाहीतं सरळ अजिंठा करू." त्यावर अकरा अंगठे. अकरांपैकी नऊ जण वाशिमात जन्मलेले, आणि त्यातल्या दोघांचं अख्खं बालपण बालाजीच्या देवळाच्या आवाजाच्या टप्प्यात गेलेलं.

ग्रुपवर लांब मेसेज कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय. नातेवाईक मंडळी इथे येऊन वाचतातच (आणि मग फोन करून भांडतात), तेव्हा निरोप पोचेल.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की गाव दाखवायला माणूस लागतो तो बाहेरच्यांसाठी, हा आपला समज मुळातच चुकीचा आहे. गावात फिरवून गाव सांगणारा माणूस आधी गावातल्यांसाठी हवा, आणि त्याने गावातल्यांच्या भाषेत बोलायला हवं. पर्यटक वगैरे नंतर. आले तर आले.

हे मला कळलं ते एका परक्या भाषेत. भाची फ्रान्समध्ये लिऑनला शिकत होती, तिच्याकडे गेलो होतो. जुन्या वस्तीत पायी फिरवणारा दोन तासांचा कार्यक्रम होता. इंग्रजीतला दुसऱ्या दिवशी होता आणि मला परतायचं होतं, म्हणून फ्रेंचमधल्यालाच गेलो. भाची कानाशी कुजबुजत भाषांतर करत होती. मला वाटलं होतं आमच्यासारखेच कॅमेरे लटकवलेले लोक असतील. छे! पंधरा-सोळा जणांपैकी आम्ही दोघंच परके. बाकी सगळे तिथलेच. एक आजीबाई तर दोन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या. भाचीने त्यांना विचारलं, की मग तुम्ही कशाला आलात? त्या म्हणाल्या, राहते म्हणूनच आले. पैसे भरून, बरं का.

लिऑनच्या त्या वस्तीत घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत काढणाऱ्या झाकलेल्या वाटा आहेत. त्यांना 'त्राबूल' म्हणतात. आपल्याकडे जुन्या वाड्याच्या पुढच्या दारातून शिरून मागच्या बोळात निघायचो ना, तसंच. यातल्या पुष्कळ वाटा खाजगी घरांतून जातात. नगरपालिकेने घरमालकांशी करार केलाय: देखभालीचा भार आम्ही उचलतो, तुम्ही दिवसा दार उघडं ठेवा. लोक राहतात, कपडे वाळत असतात, आणि सोळा माणसं दबक्या पावलांनी जातात. गाईड बाईंनी सुरुवातीलाच बजावलं, की इथे माणसं राहतात, हळू बोला.

आणि हे सगळं आपोआप टिकलं असं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ती वस्ती म्हणजे ओल आलेली, पडायला झालेली घरं होती, आणि तिच्यातून मोठा रस्ता काढायचं महापौरांच्या मनात होतं. रहिवाशांच्या संघटनेने विरोध केला. १९६२ साली आंद्रे मालरो यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला, आणि १९६४ साली ही वस्ती त्या कायद्याखाली संरक्षित झालेली फ्रान्समधली पहिली ठरली. १९९८ साली युनेस्कोच्या यादीत गेली. (१९९८ साली १ जुलैला आपला वाशीम जिल्हा झाला. योगायोग, दुसरं काही नाही.)

फ्रान्समध्ये १९८५ पासून 'कला आणि इतिहासाचं शहर' अशी एक सरकारी ओळख गावांना देतात. फुकट मिळत नाही. परीक्षा दिलेले गाईड नेमावे लागतात, आणि स्थानिक रहिवाशांना, शाळेतल्या पोरांना त्यांचंच गाव समजावण्याचं काम नगरपालिकेला अंगावर घ्यावं लागतं. म्हणजे फ्रेंच माणसाला फ्रेंच गाव फ्रेंचमध्ये सांगायचं, हे तिथे नगरपालिकेचं काम आहे. नळ आणि दिव्यासारखं.

आता आपल्याकडे या.

शाळेत असताना आमची सहल अजिंठ्याला गेली होती. एसटी, पुऱ्या, लोणचं, सगळं साग्रसंगीत. आम्ही लेणी अशी पाहिली: "रांगेत चला, हात लावू नका, पाणी कोणाकडे आहे?" सोळा नंबरच्या लेण्यात एक परदेशी घोळका होता आणि त्यांचा आपल्यातलाच एक गाईड त्यांच्या भाषेत घडाघडा बोलत होता. ती भाषा फ्रेंच होती हे सरांनी सांगितलं. सोळा नंबरचं लेणं कोणी कोरवलं ते मात्र सांगितलं नाही. ते कोरवलं वराहदेवाने. वराहदेव हा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री, आणि त्याचा शिलालेख तिथेच भिंतीवर आहे. हरिषेण पाचव्या शतकातला, वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा. आणि वत्सगुल्म म्हणजे काय? म्हणजे वाशीम! चाळीस वाशिमकर पोरं वाशिमच्या राजाच्या मंत्र्याच्या लेण्यात उभी राहिली आणि पाणी पिऊन बाहेर आली.

मी त्या सरांना दोष देत नाही. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. दोष देतोय तो "पाह्यासारखं काय हाये" या वाक्याला, जे आम्ही वारशाने घेतलंय, वाड्याच्या किल्ल्यांसारखं.

बरं, भाषेचं म्हणाल तर १९३९ साली वाशिमातच ताम्रपट सापडले. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे, राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून दिलेले. त्यात राजाची वंशावळ आहे ती संस्कृतात. पण खरं काम, म्हणजे कुठलं गाव दिलं, कोणाला दिलं, त्यांना कसल्या कसल्या सवलती, हे सगळं प्राकृतात. थोडक्यात, मिरवायचं ते संस्कृतात आणि माणसांना कळायला हवं ते माणसांच्या बोलीत. चौथ्या शतकातल्या राजाला जे समजलं ते आपल्याला समजू नये? याच घराण्याच्या सर्वसेन राजाने 'हरिविजय' नावाचं काव्य प्राकृतात लिहिलं. ते आज हरवलंय, जुन्या ग्रंथांतल्या उताऱ्यांपुरतं उरलंय. राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लावलं तेही वत्सगुल्मात. कवितेचं सासर-माहेर आपल्या गावात, आणि आपण विचारतो काय हाये.

कोणी म्हणेल, वाशिमचा इतिहास सांगतात की! हो, सांगतात. व्हॉट्सअॅपवर. "मध्यमेश्वर मंदिर म्हणजे पृथ्वीचा अचूक मध्यबिंदू, शास्त्रज्ञही थक्क!" अरे, गोल चेंडूच्या पाठीवर मध्य कुठला? कुठेही बोट ठेवा, तोच मध्य. खरी गोष्ट यापेक्षा किती चांगली आहे बघा. सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कराने 'महाभास्करीय' या ग्रंथात लंकेपासून उज्जैन आणि स्थानेश्वरमार्गे मेरूपर्यंत जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवरची गावं दिली आहेत. जिथून रेखांश मोजायचे ती ही मूळ रेषा. त्या यादीत वत्सगुल्म आहे! आजच्या मोजणीने वाशीम उज्जैनच्या सव्वा अंशाहून अधिक पूर्वेला पडतं, म्हणजे जुनी यादी तंतोतंत नव्हे. पण घड्याळं-दुर्बिणी नसताना रेखांश ठरवणं किती अवघड, हे शिकवायला याहून चांगली चूक कुठे मिळणार? पॅरिसमधून जाणारी अशीच एक जुनी मूळ रेषा आहे. १९९४ साली तिच्यावर रस्त्यात आरागो या शास्त्रज्ञाच्या नावाच्या १३५ कांस्याच्या चकत्या बसवल्या, आणि लोक त्या शोधत शहरभर पायी हिंडतात. आपल्याकडे चकती नको, देवळाबाहेर उभं राहून दहा मिनिटं खरं बोलणारा एक माणूस द्या.

आणि खरं बोलणारा म्हणजे सगळं बोलणारा. देवळांची यादी म्हणजे गाव नव्हे. पद्मतीर्थ सांगा, 'वत्सगुल्म माहात्म्या'तली १०८ तीर्थं सांगा, भवानी काळूने अठराव्या शतकात बांधलेला बालाजी आणि शेजारचा देव तलाव सांगा. पण ऐन-ए-अकबरीत वऱ्हाड सुभ्याचा बासीम हा एक सरकार होता, तेही सांगा. मोहल्ले वगळून पुढे जाऊ नका. इंग्रजांच्या काळात बासीम जिल्हा होता, तो १९०५ साली मोडून अकोल्यात घातला आणि नव्वदहून अधिक वर्षं आपण तालुक्याचं गाव होऊन राहिलो, ते सांगा. लिऑनच्या बाई नदीपलीकडच्या टेकडीवर हात करून १८३१ च्या रेशीम विणकरांच्या बंडाबद्दल बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. आपल्याकडे कापूस पिकवणाऱ्यांबद्दल असा आवाज चढवणारा गाईड मला ऐकायचाय.

कारंज्याबद्दल तर बोलायलाच नको. म्हणजे बोलायलाच हवं. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून लोक येतात, दर्शन घेतात, गाडीत बसतात. दिल्ली वेस, दारव्हा वेस या वेशी पाहायला किती जण थांबतात? तिथल्या जैन भांडारांत अपभ्रंश भाषेतल्या पोथ्या शतकानुशतकं जपल्या गेल्या, आणि १९३० च्या दशकात हीरालाल जैन यांनी त्यातल्या काही संपादून छापल्या. प्राकृत आणि आजच्या भाषा यांच्या मधली पायरी समजायला जगभरच्या अभ्यासकांना ज्या पोथ्या लागल्या, त्यातल्या कितीतरी या एका तालुक्याच्या गावात कपड्यात बांधून ठेवलेल्या होत्या. आणि मराठी कशी घडली यावर ज्याचं नाव आजही घ्यावं लागतं तो ज्यूल ब्लॉक फ्रेंच! त्याचं पुस्तक १९२० साली पॅरिसला फ्रेंचमध्ये निघालं. १९४१ साली वा. गो. परांजप्यांनी ते मराठीत आणलं म्हणून आपल्याला वाचता तरी येतं.

आता नेहमीचा आक्षेप. "सोयाबीनला भाव नाही, नळाला पाणी नाही, आणि तुला वाड्यांचं पडलंय?" हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. २०१८ साली केंद्राने मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित' म्हणून यादी केली, त्यात महाराष्ट्रातले जे चार होते त्यातलं एक वाशीम. बाहेर आपल्या जिल्ह्याचं नाव निघतं ते बहुधा अशाच यादीत, नाहीतर शेतकरी आत्महत्यांच्या बातमीत. दुसऱ्यांनी आपली ओळख 'यांच्याकडे काय नाही' अशीच करून द्यायची, आणि आपण त्यावर अंगठे द्यायचे? पोराला दहावीपर्यंत हेच ऐकवलं की इथे काहीच नाही, तर ते पुण्याला जाऊन परत येणार कशाला? मीही नाही आलो. पाण्याची मागणी लावून धराच, मी सही करतो. पण रविवारी सकाळी दोन तास गावातून चालल्याने सोयाबीनचा भाव आणखी पडणार नाही.

दुसरा आक्षेप: सरकारने करावं. करेल तेव्हा करेल, आणि केलं की पहिल्यांदा इमारत बांधेल. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय झालं, ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झालं. चांगली गोष्ट आहे, जरूर जा. पण इमारतीला उद्घाटनानंतर बोलता येत नाही. तांड्यावरून आलेल्या म्हातारीला गोरमाटीत, आणि आपल्या पोरांना वऱ्हाडीत सांगणारा माणूस त्यानंतरही लागतोच.

आणि वऱ्हाडीतच. पुस्तकी मराठीत नको, "आपण आता पाहणार आहोत" नको. "हे पाहा बाप्पा, इथं व्हता तो वाडा, मांगल्या साली पाडला" असं. कारण वाडे पडताहेत, रोज. पडण्यापूर्वी कोणाचा होता, मागच्या दाराने कुठे निघायचं, हे ज्यांना माहीत आहे ती माणसं सत्तरीच्या पुढे आहेत. निवृत्त मास्तर आहेत, पोस्टमन आहेत, वाड्यावाड्यांत बाळंतपणं केलेल्या सुईणी आहेत. त्यातल्या एकाला गाठायचं, दहा-बारा माणसं जमवायची, सकाळी उन्हं चढायच्या आत निघायचं, आणि शेवटी चहा. त्या माणसाला डोक्यामागे शंभर रुपये द्यायचे. फुकट नाही! फुकट सांगितलेलं आपण ऐकत नाही, आणि लिऑनच्या त्या आजीबाईंनीही पैसे मोजले होते.